काट्याचा आकडा कचेरीत कसा पोचतो?



वर्षभर पाणी, खत आणि घाम घालून वाढविलेल्या उसाचे मोल शेवटी कारखान्याच्या वजनकाट्यावर ठरते. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पुढे असे अनेक कारखाने निघाले आणि काट्याची पावती घरोघरी ठाऊक झाली. आता हे काटे संगणकाला जोडलेले असतात. ही जोडणी समजून घेतलेली बरी.

काट्याच्या पाटाखाली ‘लोड सेल’ बसविलेले असतात. भार पडला की त्यांतून येणारा विजेचा संकेत किंचित बदलतो. तो मोजून ‘इंडिकेटर’ वजनाचा आकडा दाखवितो. त्याच्या पाठीमागे बहुधा नऊ टाचण्यांचे एक तोंड असते. मुंग्या एका रांगेत चालाव्यात तसे आकड्याचे संकेत तेथून एकामागून एक निघतात. ही ‘सिरीयल’ जोडणी. तिचे ‘आरएस-२३२’ हे प्रमाण १९६० सालचे. ती साधी व भरवशाची. पण साधारण ५० फुटांपलीकडे तिची खात्री नाही. काटा फाटकाशी आणि हिशेब कचेरीत, मग काय करावे?

येथे ‘इथरनेट’ कामास येते. संगणकांचे जाळे जोडण्याची ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत निघाली. तांब्याच्या तारेवर ती एका टप्प्यात १०० मीटर जाते. त्याहून लांब काचतंतूची तार टाकतात. काचेतून वीज वाहत नसल्याने आकाशातल्या विजेचा झटका त्या वाटेने यंत्रात शिरत नाही. काटा आणि जाळे यांच्यामध्ये ‘सिरीयल डिव्हाइस सर्व्हर’ नावाची छोटी पेटी बसवितात. ती संकेतांचे गठ्ठे बांधते, त्यांवर पत्ता घालते आणि टपालासारखे जाळ्यात सोडते. काटा व पेटी यांचा वेग एकच ठेवावा लागतो, जसे ९६००. तो जुळला नाही तर पडद्यावर वेडीवाकडी अक्षरे उमटतात.

मोठा फायदा असा, की आकडा कुणी हाताने लिहीत नाही. त्यामुळे घाईत पाचाचे सहा होत नाहीत.

पण एक ध्यानात ठेवा. तार काट्याचेच बोलणे पुढे नेते. काट्याने २०० किलो कमी दाखविले, तर कचेरीतही तेवढेच कमी पोचतील. टनाला ३००० रुपये भाव धरला तर एका खेपेस ६०० रुपये गेले! म्हणून एवढे कराच:

१. गाडी चढण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, ते पाहा.

२. भरल्या व रिकाम्या गाडीच्या दोन्ही वजनांच्या वेळी चालक खाली उतरलेला असावा.

३. इंडिकेटरवरचा आकडा पावतीशी ताडून घरच्या वहीत लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे काम खुशाल सांगा.

४. काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दर बारा महिन्यांनी पडताळणी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र पाहायला मागा. शंका वाटली तर निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या.

दूध संस्थेत वजनाचा काटा आणि फॅट मोजणारे यंत्र संगणकाला असेच जोडतात. तेव्हा दूध घालणाऱ्या भगिनींनीही पावती हाती पडताच यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहावी.