ठाण्याचा आकडा आणि पालघरची रेषा

‘आर’ या संगणकभाषेत देशांच्या आणि राज्यांच्या सीमा मागवायला एखाददुसरी ओळ पुरते. ‘आरनॅचरलअर्थ’ हे पॅकेज घ्यायचं, भारताचं नाव द्यायचं, की राज्यांच्या रेषा पडद्यावर हजर. त्यामुळे सीमा म्हणजे नुसती चौकट आणि खरी माहिती आतल्या आकड्यांत, असा समज होतो. तो घातक आहे. रेषाही माहितीच असते. ती कुणीतरी, एका ठरावीक साली, काही धोरण धरून आखलेली असते.

ठाणे जिल्हा घ्या. २०११च्या जनगणनेत तिथे एक कोटी दहा लाखांवर माणसं होती, दर चौरस किलोमीटरला १,१५७. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि निम्म्याहून जास्त जमीन तिकडे गेली. आता २०११चा तक्ता आजच्या सीमांना जोडला, तर पालघर कोरा राहतो. ते निदान डोळ्यांना दिसतं. पण जुनी लोकसंख्या नव्या, आक्रसलेल्या ठाण्यावर बसते आणि भागाकार केला की घनता दुपटीच्या वर जाते. नाव जुळल्यामुळे संगणक तक्रार करत नाही. म्हणून ‘सगळ्यात ताजी फाइल घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. आकडे ज्या सालचे, सीमाही त्याच सालच्या हव्यात. वाचकाला आजचेच जिल्हे ओळखीचे असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय आहे: वसई, डहाणू, जव्हारसह पालघरच्या आठही तालुक्यांचे २०११चे आकडे मिळतात, ते बेरजेने पालघरला द्यावेत आणि ठाण्यातून वजा करावेत. मेहनत पडते, पण नकाशा खरा होतो.

देशाच्या सीमेवर प्रश्न धोरणाचा येतो. ‘आरनॅचरलअर्थ’ ज्यातून सीमा घेतं, त्या ‘नॅचरल अर्थ’चा मूळ संच प्रत्यक्ष ताबा पाहून रेषा आखतो, त्यामुळे काश्मीर नियंत्रण रेषेवर तुटतं. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. शास्त्रात राजकारण कशाला, असं कुणी म्हणेल. पण ताबा प्रमाण मानणं हीसुद्धा निवडच. म्हणून तर ‘नॅचरल अर्थ’ने वेगवेगळ्या देशांच्या भूमिकेनुसार स्वतंत्र संच ठेवले आहेत. इथे छापायचं असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची फाइल उतरवून ‘एसएफ’ पॅकेजने वाचावी, आणि नकाशाखाली तिचं नाव व साल लिहावं.