आदिवासी अभ्यास घोडेगावात शिकवा

जात पडताळणीत कागदपत्रं अपुरी वाटली की महादेव कोळी किंवा ठाकर मुलाला कुळाचं दैवत कोणतं, लग्नातले विधी कोणते, बोलीतला अमुक शब्द कोणता, असे प्रश्न विचारले जातात. उत्तरं ताडून पाहिली जातात ती बहुधा बाहेरच्या अभ्यासकांनी कधीकाळी लिहून ठेवलेल्या वर्णनांशी. शहरात वाढलेल्या पोराला आजीच्या काळचे विधी ठाऊक नसले, तर संशय त्याच्यावरच येतो. ही ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. माझ्या मते यातला मूळ प्रश्न न्यायालयाच्या पलीकडचा आहे. एखाद्या समाजाचं ज्ञान कोण लिहितं आणि कोण शिकवतं, यावर त्या समाजाच्या पोरांचं भवितव्य ठरत असेल, तर ते काम त्या समाजाच्या हाती विद्यापीठाच्या दर्जाने आलं पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यासाठी असा पदवी अभ्यासक्रम घोडेगावात किंवा जुन्नरलाच चालवायला हवा.

अमेरिकेत हे घडलं आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी १९६८-६९ मध्ये महिनोन्‌महिने संप केला, तेव्हा तिथे वांशिक समाजांच्या अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. पुढे एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांची मुलं लॉस एंजेलिसच्या परिसरात शिकू लागली, आणि नॉर्थरिजच्या विद्यापीठाने २००० साली मध्य अमेरिकी समाजांचा अभ्यास सुरू केला. आईबापांनी घरात दबक्या आवाजात सांगितलेला इतिहास तिथे वर्गात आला.

आपल्याकडे शिकवण्यासारखं काही कमी नाही. डोंगरउतारावर अनेक घरांनी मिळून दगडी बांध घालून भातखाचरं तयार करायची पडकईची रीत घ्या. कुणाच्या रानात किती दिवस राबायचं, बांध कुठे घालायचा, पावसाचं पाणी कुठून काढून द्यायचं, हे सगळं ठरलेलं असतं. मृदसंधारण, श्रमाचं अर्थशास्त्र आणि सामाजिक करार हे तिन्ही विषय त्या एका बांधात आहेत. ‘शाश्वत’ या संस्थेने अशाच कामांना बळ दिलं आणि २०१२ मध्ये तिला इक्वेटर पुरस्कार मिळाला. उन्हाळ्यात झाडावरून काढून वाळवलेल्या बाळहिरड्याचा बाजार हाही असाच विषय आहे. इतिहासाचंही तेच. जांभोरीचा होन्या केंगले १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठला. इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडेखोर ठरला. ते दप्तर आणि गावची आठवण शेजारी ठेवून वाचायला शिकवणं, हेच विद्यापीठाचं काम.

यासाठी पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन संस्था आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि जुन्नरच्याच मातीतले डॉ. गोविंद गारे तिचे संचालक होते. महादेव कोळ्यांवरचं त्यांचं लेखन आतल्या माणसाचं आहे, म्हणूनच मोलाचं आहे. पण सरकारी संस्थेला सरकारच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. दरवर्षी नवे गारे घडवणं तिच्या कामात बसत नाही. त्यासाठी वर्ग लागतो, परीक्षा लागते, प्राध्यापकाची कायम जागा लागते.

अशा शिक्षणाने समाजात भिंती उभ्या राहतील, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो खरा ठरेल, पण अभ्यासक्रम फक्त आदिवासी मुलांपुरता ठेवला तरच. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात २०२० च्या कायद्याने वांशिक अभ्यासाचा एक विषय सगळ्याच विद्यार्थ्यांना घ्यावा लागतो. आपल्याकडे श्रीगोंदा-कर्जतपर्यंतची शेती कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पिकते. त्या प्रकल्पातल्या डिंभे धरणात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच बुडालं. ते कुणाचं होतं आणि तिथली माणसं कुठे गेली, हे श्रीगोंद्याच्या मुलालाही शिकायला हवं.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि पोटाची चिंता असलेल्या आईबापांनी तो विचारणं रास्तच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा तर नकाशे, जुन्या नोंदी, वहिवाटीचे पुरावे आणि ग्रामसभेचे ठराव नीट जुळवावे लागतात. घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाला, आश्रमशाळांना, वनखात्याला आणि ग्रामसभांना हे जाणणारी माणसं हवी आहेत. तेव्हा पदवी देताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका गावाचा असा दावा पुराव्यासकट तयार करून घ्यावा, आणि त्याला गुण देणाऱ्यांत त्या गावची जाणती माणसंही असावीत.