झोपेतून उठलेल्या लॅपटॉपचं वाय-फाय गायब का होतं?

लॅपटॉपचं झाकण उघडलं, पासवर्ड टाकला, पाच मिनिटांत ऑनलाइन मीटिंग आहे आणि वाय-फायचं चिन्हच दिसत नाही! अशा वेळी बरेच जण सरळ पॉवर बटण दाबून धरतात. पण ते अगदी शेवटी करायचं काम आहे. स्लीपमध्ये तुमचं सेव्ह न केलेलं काम रॅममध्येच असतं. वीज तोडली की ते गेलं.

मग नेमकं बिघडतं काय? स्लीपमध्ये रॅमला वीज मिळत राहते, पण वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स, साउंड, कॅमेरा हे भाग बंद किंवा अगदी कमी विजेवर ठेवले जातात. झाकण उघडताच विंडोज प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कामाला लागायला सांगतं. एखाद्या ड्रायव्हरला ते जमलं नाही, की तो भाग असून नसल्यासारखा. म्हणजे कार्ड जळलंय असं लगेच समजू नका.

आधी फाइल सेव्ह करा. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये वाय-फायच्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ आणि मग ‘एनेबल डिव्हाइस’ करा. अनेकदा एवढ्यानंच भागतं. स्क्रीनच काळी राहिली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो आणि उघड्या फाइल्स तशाच राहतात.

तरीही जमलं नाही तर ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. ऐकायला विचित्र वाटेल, पण २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हर्सची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

रोजच असं होत असेल तर त्याच वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब बघा आणि वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, एवढंच. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवर आपला मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या मात्र वाटेला जाऊ नका. त्यातली कित्येक नको त्या जाहिराती घेऊन येतात.

रीस्टार्टनंतरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचं नावच येत नसेल, तर मात्र लॅपटॉप दुरुस्तीला दाखवा.