कोमी भाषेतील देशनामे व त्यांची विभक्तिरूपे

रशियाच्या युरोपीय भागात, ईशान्येस, कोमी प्रजासत्ताक आहे. तेथील कोमी भाषा उरल कुलाच्या पर्मी शाखेतील होय. तिचे शेकडो वर्षांचे साहचर्य रशियनशी असल्यामुळे देशनामे रशियनमधून आली, यात नवल नाही. प्रश्न असा की, नामाबरोबर त्याचे व्याकरणही आले काय?

देशी पद्धतीचे नाम 'मू' म्हणजे भूमी या शब्दाने सिद्ध होते. 'कोमी मू' म्हणजे कोमींची भूमी, 'रोच मू' म्हणजे रशियनांची. (यातील 'रोच' फिन्निश 'रूओत्सी'चा सगोत्र आहे, मात्र फिन्निशमध्ये त्याचा अर्थ स्वीडन! नाव तेच, शेजारी निराळा.) दुसरा वर्ग 'रोस्सिया', 'फिनल्यांदिया', 'इंदिया' अशा उसन्या नामांचा. रशियनमध्ये यांचा अंत्य 'या' हा स्त्रीलिंगी प्रत्यय असून विभक्तीनुसार तो पालटतो. कोमीत लिंगभेदच नाही. तिने प्रथमेचे रूप अखंड प्रकृती म्हणून स्वीकारले व पुढे स्वतःचे प्रत्यय जोडले: 'रोस्सिया-इन' रशियात, 'रोस्सिया-इश' रशियातून, 'रोस्सिया-अ' रशियामध्ये (गतिवाचक). येथे 'इ' व 'अ' ही अक्षरे कोमीच्या दोन मध्यस्वरांसाठी सोयीपुरती वापरली आहेत. 'रोस्सिया-शान' याचा अर्थ रशियापासून. 'तून' आणि 'पासून' यांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको.

विशेषणाचे विकरण नाही, हे महत्त्वाचे. 'नवे राष्ट्र'चे मराठीत 'नव्या राष्ट्रात' होते. रशियनमध्येही 'रशियन संघराज्य' या नामाची दोन्ही पदे विकार पावतात. कोमीत 'रोस्सिया फेदेरात्सिया-इन' एवढेच. प्रत्यय केवळ अंत्य पदास.

खरी गंमत षष्ठीत आहे. मराठी 'चा-ची-चे' संबद्ध नामाच्या लिंगवचनानुसार बदलतो. कोमी प्रत्यय वाक्यातील कार्यानुसार बदलतो. 'रोस्सिया-लन यूर्कार' म्हणजे रशियाची राजधानी ('यूर' डोके, 'कार' शहर). परंतु ही राजधानी कोणी पाहिली, म्हणजे ती कर्म झाली, की 'लन' जाऊन 'लिश' येतो. आणि हा 'लिश' मूळचा पंचमीचा प्रत्यय! उसन्या देशनामासही हा नियम चुकत नाही. 'रशियातील' या अर्थी मात्र 'रोस्सिया-सा' असा तद्धित पुरतो. मराठीतील 'त' आणि 'ईल' अशी दुहेरी जोड तेथे लागत नाही.

शब्द रशियन, रूपावली कोमी, असा हा व्यवहार आहे. केवळ शब्दसंग्रह पाहून भाषेच्या ऱ्हासाचे अनुमान काढणाऱ्यांनी ही रूपे प्रथम तपासावीत.