आधी सावली वाचा, मथळा नंतर

जुन्या फोटोखाली ‘जाफराबाद’ लिहिलेलं असलं म्हणून तो फोटो आपल्या जाफराबादचाच असेल, असं नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात समुद्रकाठी एक जाफराबाद आहे आणि ते जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात होतं. दिल्लीतही त्याच नावाची वस्ती आहे. केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावरच्या आपल्या जाफराबादचा पत्ता तर तीन पिढ्यांत अनेकदा बदलला. सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. जिल्हा मात्र औरंगाबादच राहिला. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तेव्हा तोही बदलला. त्यामुळे एकाच गल्लीचे दोन फोटो दोन संग्रहांत दोन वेगळ्या राज्यांच्या नावाखाली पडलेले असू शकतात.

मथळा बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याने नंतर आठवून लिहिलेला असतो. कधी तो विकणाऱ्याने लिहिलेला असतो, तर कधी वारसांनी. म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली. खरा पुरावा चित्रातच असतो, पण तो काढायचा तर थोडं रसायनशास्त्र, थोडं खगोलशास्त्र आणि शाळेतली भूमिती लागते.

फोटोग्राफर इथे का थांबले नाहीत?

मराठवाड्यात कॅमेरा लवकर आला. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला आणि तिथेच राहिला. त्याच्या बऱ्याच नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पण लेणी आणि देवळांचे त्याने काढलेले फोटो 1864 मध्येच पुस्तकरूपाने छापले गेले होते. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद टिपलं.

तालुक्याच्या गावात मात्र कोणी मुद्दाम थांबत नसे, आणि त्याला कारणही होतं. 1851 पासून रूढ झालेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. काचा, बाटल्या, तंबू, पाणी असा सगळा बाडबिस्तरा बैलगाडीतून न्यायचा, तो लेणी नाहीतर दरबारासाठी. जाफराबादला दगड-विटांचा कोट आणि आत गढी असल्याचं जुन्या गॅझेटियरमध्ये वाचायला मिळतं, पण लेण्यांसारखी कॅमेऱ्याची रीघ त्या कोटाकडे लागली नाही. सुक्या काचा 1880 च्या दशकात सर्रास मिळू लागल्या, नंतर फिल्म आली, आणि लहान गावांचे रस्ते फोटोत येऊ लागले. तेही मागच्या बाजूला. पुढे नवरानवरी, शाळेचा वर्ग नाहीतर सजवलेले बैल, आणि मागे वेस, चावडी, एखाद्या वाड्याचा सज्जा. अशा गावांचा इतिहास फोटोच्या पार्श्वभूमीतच शोधावा लागतो.

दोन कड्यांच्या मधला काळ

फोटोचं साल ठरवताना दोन प्रश्न विचारायचे. यातली कोणती गोष्ट अमुक सालाआधी असूच शकत नाही? आणि कोणती अमुक सालानंतर राहूच शकत नाही? मुंबईत ही रीत कशी चालते ते पाहा. एखाद्या फोटोत 1869 मध्ये बांधून झालेलं वॉटसन हॉटेल दिसतंय आणि रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, म्हणजे घोड्यांची ट्राम सुरू झालेल्या 1874 च्या आधीचा तो नाही. पण राजाबाई टॉवर अजून अर्धवट आहे. तो 1878 च्या अखेरीस पुरा झाला. म्हणजे फोटो फार तर चार-पाच वर्षांच्या फटीतला. मथळ्यावर 1890 लिहिलं असेल तर मथळा चूक.

मराठवाड्यात खुणा वेगळ्या. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला, त्यामुळे छपरावर ती कौलं दिसली की खालची मर्यादा मिळते. माळवदाच्या घरांना ही खूण लागू पडत नाही. तिथे धाब्यावर पत्रे कधी चढले, लाकडी खांबांच्या जागी सिमेंटचे कधी आले, हे पाहावं लागतं. सरकारी कचेरीवरची पाटी उर्दूत असेल तर फोटो बहुधा 1948 आधीचा, कारण निजामी कारभाराची भाषा उर्दू होती. दुकानांच्या पाट्यांना मात्र हा नियम लावू नये, उर्दू पाट्या नंतरही राहिल्या. गाडीच्या नंबरात ‘एमएच 21’ दिसलं तर फोटो 1989 नंतरचा, कारण जिल्हावार क्रमांकांची ही पद्धत तेव्हा सुरू झाली. विजेचा पहिला खांब, पाण्याची टाकी, नदीवरचा पूल यांची सालं ग्रामपंचायतीच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या दप्तरात शोधावीत.

काळा झेंडा काळा नसतो

जुन्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. चांदीच्या क्षारांवर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई, तांबड्या-पिवळ्याचा जवळजवळ नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोत निळं आभाळ पांढरं फटक दिसतं, तर गेरूने रंगवलेली भिंत, कुंकू आणि भगवा झेंडा काळपट येतो. हर्मन फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1873 मध्ये रंगद्रव्यं मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याचीही जाणीव आणून दिली. तांबड्यासाठी विसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. म्हणजे जुन्या फोटोत घुमटीवर काळसर निशाण दिसलं, तर ते भगवं की हिरवं हे रंगछटेवरून सांगता येत नाही. देऊळ की दर्गा, हे बांधणीवरूनच ठरवावं लागतं.

दुसरा चकवा ओस रस्त्याचा. ओल्या काचेला कित्येक सेकंद उजेड द्यावा लागे. तेवढ्यात चालत गेलेला माणूस उमटतच नसे किंवा त्याचा नुसता धूर दिसे. रस्ता निर्मनुष्य दिसतो म्हणून गाव उठलं होतं, असा निष्कर्ष काढू नये. तिसरा चकवा उलट छपाईचा. काच पालथी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं आणि वाडा रस्त्याच्या भलत्याच बाजूला जातो. पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का, हे सगळ्यात आधी तपासायचं.

सावलीचं होकायंत्र

जाफराबाद सुमारे 20.2 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून इथे वर्षातून दोनदा, 21-22 मे आणि 22 जुलैच्या सुमारास, माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेच शून्य सावलीचे दिवस. त्या दोन महिन्यांत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, उरलेले दहा महिने उत्तरेला. 22 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 46 अंशांवर असतो, तेव्हाही सावली वस्तूच्या उंचीपेक्षा किंचित आखूडच राहते. म्हणून जाफराबादच्या फोटोत माणसाची सावली त्याच्या उंचीहून लांब दिसली, तर फोटो भर दुपारचा नाही. तो सकाळचा किंवा संध्याकाळचा आहे.

सणाचा फोटो असेल तर सावली आणखी बोलते. समजा, गल्लीतून पोळ्याचे बैल चालले आहेत. पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. त्या दिवसांत सूर्य उतरणीला लागून क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर आला की तो जवळजवळ नेमका पश्चिमेला असतो. इकडेतिकडे फार तर आठ-दहा अंशांचा फरक. वस्तूच्या दुपटीहून थोडी लांब सावली पडते ती हीच वेळ. मिरवणूक संध्याकाळची, तेव्हा फोटोतल्या बैलांच्या सावल्या पूर्वेकडे गेल्या आहेत असं धरायला हरकत नाही. या सावल्या गल्लीच्या कडेला समांतर पडल्या असतील तर गल्ली पूर्व-पश्चिम आहे, आडव्या पडल्या असतील तर दक्षिणोत्तर.

याला दुजोरा द्यायला गावात आणखी एक होकायंत्र असतं, ते म्हणजे मशीद. मक्केची दिशा जाफराबादहून पश्चिमेला आहे, हिशेबाने पश्चिमेच्या आठ-नऊ अंश उत्तरेला. म्हणून मशिदीची किब्ल्याची भिंत साधारण पश्चिमेला आणि मोकळं अंगण पूर्वेला असतं. फोटोत मशिदीची पाठ दिसतेय की तोंड, एवढ्यावरून कॅमेरा कोणत्या बाजूला होता ते कळतं. सावली आणि मशीद एकच दिशा सांगत असतील तर निम्मं काम झालं. दोघी भांडत असतील तर काच उलटी छापली गेली आहे का, ते पुन्हा पाहा.

डोळ्याच्या उंचीची रेघ

जर्मन अभियंता आल्ब्रेश्ट मायडेनबावर 1858 मध्ये वेत्सलार गावच्या कॅथेड्रलची मापं घेत असताना वरून पडता पडता वाचला. मापं घ्यायला वर चढायचं कशाला, फोटोवरूनच घेता येतील, हा विचार त्याने पुढे नेला आणि छायामापनाचं शास्त्र उभं राहिलं. 1885 मध्ये त्यासाठी बर्लिनमध्ये सरकारी संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धात कोसळलेल्या इमारती पुन्हा उभारताना त्या संग्रहातल्या काचा कामी आल्या.

त्या शास्त्रातला एक नियम कोणालाही वापरता येतो. सपाट जमिनीवर घेतलेल्या फोटोत क्षितिजाची रेघ प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते, मग वस्तू जवळ असो की दूर. रेघ उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जात असेल तर कॅमेरा सुमारे दीड मीटरवर होता. मागच्या वाड्याचा दरवाजा तीच रेघ बरोबर मध्यावर कापत असेल, तर दरवाजा तीन मीटर उंच. आज उभ्या असलेल्या दरवाजाचं माप जुळलं की ओळख पक्की होत जाते.

मग जागेवर जायचं. चालत्या एसटीच्या खिडकीतून जवळची बाभूळ मागे पळते आणि लांबचा डोंगर हलत नाही, त्याच तत्त्वावर कॅमेऱ्याची जागा सापडते. फोटोत मिनाराची कड मागच्या बुरुजाच्या कडेला टेकलेली दिसते ना? मग त्या दोन कडा तशाच टेकतील त्या रेषेवर उभं राहायचं. अशी दुसरी जोडी मिळाली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता. अमेरिकेत मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी 1977 ते 1979 या काळात पश्चिमेकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंच्या जागा अशाच शोधून तिथून पुन्हा फोटो घेतले. आपल्याकडे घरं बदलली, तरी नदीचं वळण, गढीची उंच जागा आणि क्षितिजावरची डोंगराची रेघ सहसा हलत नाही. शोध तिथून सुरू करावा.

वरून पाहिलेलं गाव

गल्लीचा फोटो नसला तरी गावाचा असू शकतो. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात काढलेले आठ लाखांहून जास्त फोटो 1995 मध्ये खुले झाले. त्यातल्या शेवटच्या कॅमेऱ्यांना जमिनीवरची सुमारे दोन मीटरची वस्तू ओळखता येई. दरवाजा दिसत नाही, पण कोटाची रेघ, गल्ल्यांची जाळी आणि नदीचं पात्र दिसतं. त्यावर गावठाणाचा जुना नकाशा आणि स्वामित्व योजनेखाली 2020 पासून ड्रोनने होत असलेल्या मोजणीचे नकाशे ठेवले की कुठला रस्ता रुंद झाला आणि कुठला बोळ बुजला, ते समोर येतं.

संगणकही मदतीला आहे. डेव्हिड लोव यांनी 1999 मध्ये मांडलेल्या ‘सिफ्ट’ पद्धतीने दोन फोटोंतले सारखे कोपरे आपोआप जुळवता येतात, कोन आणि अंतर बदललं तरी. अटलांटा शहराच्या जुन्या फोटोंवर जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. कोणती इमारत दिसते आणि कोणती दिसत नाही, यावरून त्यांनी फोटोंचा कालक्रम लावला. पण हल्ली मोबाइलवर जुना फोटो ‘स्वच्छ’ आणि रंगीत करून देणारी साधनं यात घातक आहेत. ती नसलेला तपशील अंदाजाने भरतात. पुसट पाटीवर ती अक्षरंही नवी घडवू शकतात, आणि ती अक्षरं पुरावा म्हणून कुठेच चालत नाहीत.

घरातल्या पेटीत काय आहे?

जाफराबादसारख्या गावाचं छायाचित्रसंग्रहालय घराघरांत विखुरलेलं आहे. लग्नाचे अल्बम, शाळेचे वर्गफोटो, पोळा, उरूस, निवडणुकीच्या सभा. त्यातल्या माणसांना ओळखणारी पिढी अजून आहे, पण मागची भिंत कोणाची होती हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, कडा न कापता. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. व्हॉट्सॲपवर फोटो आकसतो आणि पाटीवरची अक्षरं जातात, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. मऊ पेन्सिलीने, अलगद लिहा: कुठली गल्ली, कोणत्या दिशेला तोंड, कोणी ओळखलं आणि कशावरून. ‘कशावरून’ हा शेवटचा रकाना सोडू नका. तो रिकामा असेल तर आज तुम्ही लिहिलेला मथळाही उद्याच्या वाचकासाठी ऐकीव साक्षच ठरेल.