मॉली मासा आणि नगरचें जड पाणी

श्रोतेहो, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याविषयीं तक्रार ऐकूं येत नाहीं असें घर आपल्या जिल्ह्यांत सांपडणें कठीण. तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, गीझरांत पांढरा थर सांचतो, आणि धुतलेल्या पेल्यांवर डाग तसेच राहतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतों. शाळेच्या पुस्तकांत त्यासच दुष्फेन असें नांव आहे. पण ज्या पाण्याला आपण इतकीं नांवें ठेवतों, तेंच पाणी ज्याला माहेरासारखें वाटावें असा एक चिमुकला जीव अलीकडे पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत येऊन राहिला आहे. तो म्हणजे मॉली मासा. त्याच्याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मॉलीचें मूळ घर मेक्सिको व त्याखालचा मध्य अमेरिकेचा प्रदेश होय. जिच्या पाठीवरचा पर शिडासारखा उभारतो ती शिडाची मॉली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय किनाऱ्यापर्यंत आढळते. कोठें चुनखडीच्या प्रदेशांतील ओढे, कोठें खाडीच्या तोंडचें अर्धें गोड, अर्धें खारें पाणी, अशा ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळें पाण्यांतील क्षार ही मॉलीची नुसती सवय नव्हे, गरज झाली आहे. हळूहळू संवय लावली तर ती समुद्राच्या पाण्यांतहि जगते. तिच्या नांवाची कथा मौजेची आहे. १८२१ सालीं लस्यूर नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें नेपोलियनचा कोषमंत्री मोलियें याच्या सन्मानार्थ या माशांस 'मोलिएनेसिया' असें भारदस्त नांव दिलें. शास्त्रज्ञांनीं पुढें तें नांव मोडीत काढून मॉलीस गप्पी माशाच्याच गणांत बसविलें. परंतु मंत्र्याच्या नांवाचा पूर्वार्ध लोकांच्या तोंडीं राहिला तो राहिलाच.

आतां आपल्या पाण्याकडे वळूं. आपल्या जिल्ह्याची भूमि काळ्या पाषाणाची. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांपासून झालेला बसाल्ट झिजतांना कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यांत सोडतो. नगर, पारनेर, पाथर्डी हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतले. पाऊस बेताचा, त्यामुळें भूगर्भांतील पाणी धुवून निघत नाहीं आणि क्षार सांचत जातात. प्रवरेकांठच्या बागाइतींत उसाला दिलेल्या सततच्या पाण्यानें व खतांनीं त्यांत भर घातली आहे. उलट पश्चिमेस अकोले तालुक्यांत, कळसूबाई-भंडारदऱ्याच्या टापूंत, पाऊस नुसता कोसळतो व ओढ्यांचें पाणी मऊ असतें. नगर शहरास नळानें मिळणारें मुळा धरणाचें पाणी सामान्यतः या दोहोंच्या मधलें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा पुरवठाच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. मॉलीला मानवतें तें पाणी २५० पासून ५०० पर्यंतचें. म्हणजे आपण नाइलाजानें पितों तें पाणी हिला पथ्याचें!

येथेंच सुशिक्षित घरांत एक घोटाळा होतो. हल्लीं स्वयंपाकघरांत आर. ओ. यंत्र असतें. मुलांच्या हट्टानें मासे आणले कीं, जें शुद्ध पाणी आपण पितों तेंच या मुक्या जिवांना द्यावें असें घरच्या मंडळींना वाटतें. हेतु निर्मळ, पाणीहि निर्मळ. पण त्यांतून क्षार जवळजवळ सगळेच निघून गेलेले असतात. चारआठ दिवसांत मॉली पर मिटून घेते, पुढें न जातां एकाच जागीं अंग हेलकावीत राहते, आणि मुलांना वाटतें मासा नाचतो आहे. तें नाचणें नव्हे, दुखणें आहे. अशा वेळीं औषधांच्या बाटल्या आणण्यापूर्वीं पेटींतील चौथा हिस्सा पाणी काढून त्या जागीं मुरवलेलें जड पाणी घालावें व दोनतीन दिवसांच्या अंतरानें तसेंच करीत जावें. एकदम सगळें पाणी बदलूं नये. अकोल्याकडील श्रोत्यांनीं आपल्या मऊ पाण्यांत शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे स्वच्छ खडे घालावे. मिठाविषयीं दुकानदार फार आग्रह धरतात. पाणी मुळांत जड असेल तर मिठाची आवश्यकता नाहीं. घालावयाचेंच तर दहा लिटरमागें एक सपाट चमचा पुरे, कारण पेटींतील पाणवनस्पतींना तें फार सोसत नाहीं.

मात्र या जड पाण्याची एक दुसरी बाजू आहे आणि ती फारसें कोणी सांगत नाहीं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजून त्यांत भर पडते. जुन्या, स्थिरावलेल्या पेटींत वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजांत जीवाणूंची वस्ती असते. ते त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग त्या मानानें सौम्य असें नायट्रेट करतात. पाण्यांत अमोनियाचीं दोन रूपें असतात, एक जहाल विषारी आणि दुसरें बरेंच निरुपद्रवी. पाण्याचा सामू ७ असतांना २५ अंश उष्णतेवर विषारी रूप शेंकडा अर्धेंच असतें. सामू ८ झाला कीं तेंच शेंकडा पांचाच्या वर जातें. म्हणजे घाण तेवढीच, विष दहापट. आपलें जड पाणी बहुधा याच दुसऱ्या बाजूस झुकलेलें असतें. मऊ पाण्याच्या गांवीं जी हयगय मासे निभावून नेतात ती आपल्याकडे त्यांच्या जिवावर बेतते, आणि मग 'आमच्याकडे मासे टिकतच नाहींत' असा ठपका पाण्यावर ठेवला जातो.

यासाठीं आरंभ सावकाश करावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा कांचेच्या पेटींत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतें. तेवढ्यांत एक नर व तीन माद्या याहून अधिक मासे प्रथम घेऊं नयेत. नर एकच ठेवावयाचें कारण असें कीं तो माद्यांचा पाठलाग अहोरात्र करतो. एकाच मादीच्या वाट्यास तो आला तर ती झिजून जाते. जीवाणूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात; ओळखीच्या घरच्या निरोगी पेटींतील स्पंजाचा तुकडा मागून आणला तर हें काम लवकर होतें. विरजणासारखाच हा प्रकार. फिल्टर नळाखालीं चकचकीत धुणारीं माणसें तें विरजणच सांडून देतात; तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलके पिळावा. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन पसरट भांड्यांत दिवसभर उघडें ठेवल्यानें जातें, नाहींतर हायपोचे दोन कण पुरतात. छायाचित्रें घरीं धुणाऱ्या जुन्या हौशी मंडळींस हा हायपो चांगला आठवत असेल. बोअरच्या पाण्यांत क्लोरीन नसतें, पण प्राणवायूहि कमी असतो, म्हणून तेंहि रात्रभर हवा खेळवूनच घ्यावें.

नगरची हवा टोकाची. मॉलीस २४ ते २८ अंशांचें पाणी सुखाचें. पौषांतल्या रात्रीं तें फार खालीं जातें आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येणारा रोग याच दिवसांत बळावतो. लिटरमागें एक वॉट या हिशेबानें छोटा हीटर ठेवावा. वैशाखांत उलट संकट, कारण तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो, आणि वीज जाऊन हवेचा पंप थांबला कीं मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडूं लागतात. उंच व अरुंद पेटीपेक्षां पसरट पेटी बरी ती याचकरितां.

अन्नाविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. मॉली मुख्यतः शेवाळ खाणारी. मागच्या कांचेवरचें हिरवें शेवाळें खरवडूं नये. उकडलेल्या पालकाचें पान, काकडीची चकती, कधीं डासांच्या अळ्या, आणि दुकानांतील खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच, दिवसांतून दोनदां.

आतां मुलांच्या सर्वांत आवडीचा भाग. बहुतेक मासे अंडीं घालतात. मॉली जिवंत पिलें देते. अंडीं मादीच्या पोटांतच वाढतात व पोटांतच फुटतात. नर ओळखण्याची खूण पोटाखालच्या मागील परांत आहे. मादीचा हा पर पंख्यासारखा पसरट असतो. नर वयांत आला कीं त्याचा पर निमुळता होऊन काडीसारखा दिसतो, आणि त्याच्याच योगें तो मादीच्या शरीरांत बीज पोंचवितो. हें बीज मादी कित्येक महिने सांठवून ठेवूं शकते. त्यामुळें दुकानांतून एकटी आणलेली मादीहि नराचें तोंड न पाहतां लागोपाठ तीनचार वेळां पिलें देते, आणि घरांत चमत्कार झाल्याची वार्ता पसरते. खरा चमत्कार दुसरीकडे आहे. टेक्सास व मेक्सिको यांच्या सीमेवर मॉलीची एक अशी जात आहे कीं जींत केवळ माद्याच असतात. त्या जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराचें बीज घेतात तें अंड्यास चालना मिळण्यापुरतें. पित्याचा अंश संततींत उतरत नाहीं, मुलगी हुबेहूब आईची प्रत निघते. १९३२ सालीं हब्ज या शास्त्रज्ञ दांपत्यानें हें जगापुढें मांडलें. तिला ॲमेझॉन मॉली म्हणतात तें नदीवरून नव्हे, ग्रीक कथांतील स्त्रीयोद्ध्यांवरून. आपण तिला प्रमिलेच्या राज्यांतली म्हणूं.

गर्भ साधारण चार ते सहा आठवडे राहतो, थंडींत अधिकहि. दिवस भरत आले कीं मादीचें पोट चौकोनी दिसूं लागतें व ती कोपरा धरते. एका वेळीं वीसपासून शंभरापर्यंत पिलें होतात. प्रत्येक जेमतेम सेंटीमीटरभर, पण जन्मतांच पोहूं लागणारें. आईबापांस ओळख नसते, समोर आलेलें पिलूं तीं गिळतात. याकरितां विकत मिळणाऱ्या इवल्याशा जाळीच्या डब्यांत गर्भवती मादीस कोंडण्याचा प्रघात आहे. तो मला पसंत नाहीं. त्या कोंडमाऱ्यानें मादी बिथरते आणि पुष्कळदां अवेळीं पिलें टाकते. पेटीच्या एका बाजूस हायड्रिलासारखी दाट पाणवनस्पति वाढूं द्यावी. पिलें तींत लपतात आणि वांचावयाचीं तेवढीं वांचतात. त्यांना मोठ्यांचेंच खाद्य बोटांनीं चुरून दिवसांतून तीनचार वेळां द्यावें.

निवड करून वाण तयार करण्याचा नाद लागला तर काळी, ठिपक्यांची, शिडाची असे सुंदर प्रकार सांभाळावे. बाजारांत गोल पोटाची 'बलून मॉली' लोकप्रिय आहे. तिचा तो गोलपणा पाठीचा कणा आंखूड व वांकडा झाल्यामुळें आलेला असतो. व्यंगाची पैदास करून तिला शोभा म्हणावें हें मनास पटत नाहीं.

आतां गणित. एका मादीस दर सहा आठवड्यांनीं चाळीस पिलें धरलीं तर वर्षाकांठीं तीनशेंच्या वर होतात, आणि लेकींचा हिशेब अजून धरलेलाच नाहीं. चक्रवाढ व्याजाला याहून चांगलें उदाहरण पाठ्यपुस्तकांत नसेल. पन्नास लिटरांत ही प्रजा मावत नाहीं. अमोनिया चढतो, आणि सुटीच्या दिवशीं मुलें प्लॅस्टिकच्या पिशवींत मासे घेऊन ओढ्याकडे निघतात. श्रोतेहो, हें मात्र होऊं देऊं नका. १९०५ सालीं डास मारण्यासाठीं टेक्सासहून हवाई बेटांत नेलेली शिडाची मॉली तेथें कायमची ठाण मांडून बसली; फिलिपाइन्समध्यें ती खाण्याच्या मासळीच्या तळ्यांत शिरून मत्स्यपालकांना डोकेदुखी झाली. रतनगडाच्या कुशींत उगवणाऱ्या प्रवरेंत आणि हरिश्चंद्रगडाकडून येणाऱ्या मुळेंत स्वतःची जुनी मासळी आहे. जड व क्षारयुक्त पाणी आवडणारा, झपाट्यानें वाढणारा परका मासा त्यांच्या खालच्या अंगास सहज रुजेल.

त्यापेक्षां दुसरी लहान पेटी आणावी. पिलें सातआठ आठवड्यांचीं झालीं कीं परांवरून नर ओळखूं येऊं लागतात. ते त्याच आठवड्यांत वेगळे काढावे, कारण एकदां संगत झाली कीं पुढचे तीनचार महिने मादीचीं बाळंतपणें थांबविणें कोणाच्या हातीं राहत नाहीं. वाढलेले मासे पुष्कळ दुकानदार घेतात, शेजारींपाजारींहि देतां येतात. देतांना त्यांच्याबरोबर आपल्या पेटींतलें दोन लिटर पाणी व स्पंजाचा एक तुकडाहि द्यावा, आणि घरचें पाणी बोअरचें आहे कीं आर. ओ. चें, तें आधीं विचारून घ्यावें.