घरच्या बागेतील भरवशाची फुलझाडे : बेळगाव कॅम्प व निपाणी परिसर

घराभोवती चार फुलझाडे असावीत, अशी इच्छा नसलेले कुटुंब विरळाच. देवपूजेला फूल मिळते, अंगणाला शोभा येते आणि उन्हाळ्यात घर थोडे थंड राहते. परंतु रोपवाटिकेत फुलांनी बहरलेले रोप पाहून ते घरी आणावे, पावसाळ्यात त्याची मुळे कुजावीत किंवा वैशाखात ते वाळून जावे, आणि पुढील वर्षी पुन्हा नवे रोप विकत घ्यावे, असा अनुभव अनेकांना येतो. यात पैसा जातो आणि ऐन टंचाईच्या दिवसांतील पाणीही वाया जाते. म्हणून झाड निवडताना फुलाच्या रंगापेक्षा त्या झाडाच्या भरवशाचा विचार आधी केला पाहिजे.

हवामानाच्या दोन कसोट्या

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले आहे. येथील वार्षिक पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पुढे हिवाळा सौम्य असतो. मात्र मार्च ते मे या काळात ऊन कडक पडते आणि वळवाच्या सरी सोडल्यास जमीन कोरडीच राहते. त्यामुळे आषाढाच्या झडीत न कुजणारे आणि वैशाखाच्या उन्हात न वाळणारे, असेच झाड येथे भरवशाचे मानावे. गुलाबाचे उदाहरण घेता येईल. हिवाळ्यात तो उत्तम फुलतो. परंतु पावसाळी दमट हवेत त्याच्या पानांवर काळे ठिपके पडून पाने गळतात. नियमित छाटणी व औषध फवारणी करण्याची तयारी असेल, तरच गुलाब लावावा.

मातीतील फरक

कॅम्प भागात आणि शहराच्या पश्चिमेस तांबडी, मुरमाड माती आढळते. ती किंचित आम्लधर्मी असून तिच्यातून पाणी लवकर निचरते. मात्र खाली कठीण मुरूम वा जांभा खडक लागल्यास खड्ड्यात घागरीसारखे पाणी साठते. निपाणीकडील तंबाखूच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शिवाय तिच्यात चुन्याचे प्रमाण बहुधा अधिक असते. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. म्हणूनच कॅम्पमध्ये हिरवागार दिसणारा अनंत किंवा पेंटकुळ निपाणीत लावला असता त्याची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. येथे दोष माळ्याचा नसून निवडीचा असतो.

कोणती झाडे निवडावीत ?

दोन्ही प्रकारच्या मातीत साधारणपणे चांगली येणारी झाडे म्हणजे बोगनवेल, तगर, शंकासुर, कुंती आणि देशी एकेरी जास्वंद ही होत. बोगनवेलीचा रंगीत भाग हा फूल नसून ती सहपत्रे असतात. खरी फुले त्यांच्या मध्यभागी लहान व फिकट असतात. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. तिला पाणी अधिक दिल्यास पानेच वाढतात. मुळाशी थोडा ताण बसला की ती भरभरून फुलते. जास्वंदीच्या संकरित जातींपेक्षा लाल एकेरी जात अधिक काटक असते. तिच्यावर पिठ्या ढेकूण दिसल्यास किडलेले शेंडे काढून ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत पांढरा चाफा, पेंटकुळ, अनंत व अबोली लावावीत. चाफा आपल्या जाड फांद्यांत पाणी साठवून ठेवतो, म्हणून उन्हाळ्यात तो टिकतो. त्याची फांदी कापल्यावर चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मगच लावावी. अबोलीच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. तेरडा, झेंडू व शेवंती ही हंगामी फुले असल्याने त्यांच्यासाठी थोडीच जागा राखावी.

सावधगिरी

कण्हेर अत्यंत काटक असली तरी तिचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तितक्याच घातक असतात. शाळेच्या आवारात, लहान मुलांच्या वावरात आणि गोठ्याजवळ ही झाडे लावू नयेत. छाटलेल्या फांद्या जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी. काटकपणाचा आणखी एक धडा घाणेरीने शिकविला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली. पुढे ती बागेबाहेर पसरली, पश्चिम घाटातील जंगलांतही शिरली आणि जनावरांना अपायकारक ठरली. बागेबाहेर आपोआप पसरणारे झाड भरवशाचे नव्हे, तर धोक्याचे समजावे.

लागवड व जोपासना

लागवड मृगाचा पाऊस चांगला बसल्यावर करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. झुडपासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी सुमारे दीड फूट असा खड्डा घ्यावा. माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच लावावे. खाली कठीण मुरूम लागल्यास उताराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट करून द्यावी. फेब्रुवारीत बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात रोज वरवर शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, संध्याकाळी, मुळापर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. भांडी व भाजी धुतलेले साबणविरहित पाणी यासाठी उपयोगी पडते.

रोप विकत घेण्यापूर्वी शेजारच्या जुन्या आवारांतून मे महिन्यात एक फेरी मारावी. फारशी निगा नसतानाही जी झाडे तेथे हिरवी दिसतील, त्यांनी या भागातील अनेक पावसाळे व उन्हाळे सोसलेले असतात. त्यांच्याच फांद्या वा बिया मागून आणल्यास खर्च वाचतो आणि झाड टिकण्याची शक्यता वाढते. शाळांनीही अशी पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास गावातील माती व हवामान यांचा परिचय त्यांना प्रत्यक्ष पाहण्यातून होईल.